बसमागची गाडी

शाळेची पिवळी बस ड्वोराचेकांच्या फाटकापाशी थांबली की तिच्यामागे कोरिनची निळी गाडी येऊन थांबायची. बस सुटली की गाडी सुटायची. पुढच्या वस्तीवर बसनं लाल दिवे लावले, बाजूचा ‘थांबा’ पाटीचा हात बाहेर काढला, की गाडीही ब्रेक दाबून मुकाट उभी. गावाला याची इतकी सवय झाली होती की एखाद दिवशी निळी गाडी दिसली नाही तर पोस्टातली बाई खिडकीतून बसच्या ड्रायव्हरबाईला विचारायची, “काय गं, आज बसचं शेपूट कुठं गळून पडलं?”

गाडीत मागे तिची धाकटी, वर्षभराची रेन लहानग्यांच्या खुर्चीत बांधलेली असायची आणि पुढे कोरिनच्या मांडीवर नाकात मारायच्या औषधाची कुपी.

औषध एमेटचं. एमेट तिचा थोरला. त्याला फिट यायच्या. रोज नाही, महिन्या-दोन महिन्यांतून एखादी. पण आली की आपणहून थांबायचं नाव घ्यायची नाही. नाकात एक फवारा मारला की थांबायची. त्याला डॉक्टर लागत नव्हता, शिकवलेलं एखादं मोठं माणूस लागत होतं. शाळेत नर्स होती, घरी कोरिन होती. मधल्या खडीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे नुसता मका, पाऊण तास कोणीही नव्हतं. ड्रायव्हरनं बस चालवायची, औषधाला हात लावायचा नाही, असा शाळा खात्याचा नियम होता. दुसरं माणूस बसवायचं, तर खात्याकडे माणूस नव्हतं.

“मग तूच सोड की त्याला गाडीतून,” असं तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. सोडत होती ती. पहिलीचं अर्धं वर्ष सोडलं. एमेट शेजारी बसून पुढच्या बसच्या खिडक्या बघायचा. त्या गावात पोरांची दोस्ती, भांडणं, खाऊची अदलाबदल, सगळं बसमध्येच उरकायचं. शाळेत फक्त अभ्यास. एक दिवस तो म्हणाला, “आई, मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.” त्या दिवसापासून तो बसमध्ये आणि ती बसमागे.

अट एकच होती. त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रत्येक थांब्याला मागच्या काचेवर पंजा टेकवायचा. पंजा दिसला की कोरिन श्वास सोडायची आणि पुढच्या थांब्यापर्यंत पुन्हा धरून ठेवायची. कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकली होती. नेमकी त्या पाऊण तासातच फिट येण्याची शक्यता किती कमी आहे, हे तिला गावातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तिनं दावा लावला. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशानं अर्ध्या तासात सांगून टाकलं, बसमध्ये एक माणूस बसवा, विषय संपला. विषय संपला असं फक्त त्यालाच वाटलं. खात्यानं फेडरल अपील कोर्टात धाव घेतली, अपील संपेपर्यंत त्या हुकुमाला स्थगिती मिळवली, आणि एमेट पहिलीतून तिसरीत गेला तरी निळी गाडी होती तिथंच, बसच्या मागे.

*

अपील कोर्ट पाच तासांवरच्या शहरात होतं. इमारत अशी की आत शिरताना माणसानं आपोआप आवाज खाली आणावा. कोरिनचा वकील टोबायस वेनर, फुकट केसेस लढणाऱ्या संस्थेतला पोरगेलासा माणूस, खिशात सूर्यफुलाच्या बिया ठेवायचा आणि घाबरला की चघळायचा. त्या दिवशी पार्किंगमध्येच त्यानं पाकीट संपवलं.

“पंधरा मिनिटं मिळतात,” तो म्हणाला. “हिरवा दिवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आटपा, लाल म्हणजे शब्द तोंडात असेल तर तिथंच गिळा.”

वर तीन न्यायमूर्ती. मधोमध म्हातारे हॅलोवेल, ज्यांना ‘समजा’ या शब्दाशिवाय प्रश्न विचारता येत नव्हता. डावीकडे तरुण प्रुइट, ज्यांच्यासमोर दोनशे वर्षांपूर्वीचा एक जाडजूड शब्दकोश उघडा होता. उजवीकडे ओक्सबाई, चेहरा कसा प्रेमळ, नाताळच्या केकवर ठेवावा असा.

आधी खात्याचा वकील उठला. ओक्सबाईंनी त्याला एकच विचारलं. “मुलाची आई रोज बसच्या मागून गाडी घेऊन येते, हे खरं का?”

“रोज, युवर ऑनर. घड्याळ लावून घ्यावं इतक्या नियमितपणे.”

“औषध घेऊन?”

“मांडीवर, युवर ऑनर.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कोरिनला बरं वाटलं. चला, निदान आपले हाल तरी कुणाच्या कागदावर गेले.

मग टोबायस उभा राहिला. हिरवा दिवा लागला. “युवर ऑनर, प्रश्न साधा आहे. बसमध्ये एक...”

“समजा,” हॅलोवेल म्हणाले, “मुलाला घोडा लागत असता.”

“घोडा, युवर ऑनर?”

“आजाराची आधीच चाहूल लागणारा. शिकवलेला. खात्यानं तो बसमध्ये घ्यायचा का?”

“आम्ही फक्त एक माणूस मागतोय.”

“छोटा घोडा.”

“तट्टू,” प्रुइट मदतीला धावले.

“तट्टू म्हणा. आज माणूस आत घेतला तर उद्या तट्टूला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?”

टोबायसनं तट्टूला नाही म्हणून पाहिलं. मग त्याला शेवटच्या बाकावर बसवून पाहिलं. मग तट्टूचा पट्टा, तट्टूची लीद, तट्टूची ॲलर्जी असलेलं दुसरं पोर, असं करत करत पिवळा दिवा लागला, आणि तट्टू अजून पायरीवरच होतं. इजा झाल्याशिवाय दावा उभाच राहत नाही, म्हणून प्रुइटनी शब्दकोशात ‘इजा’ शोधून ठेवलं होतं. त्या शब्दाचा अर्थ ठरला तेव्हा शाळेच्या बस नव्हत्या, हे वकिलांना मान्य आहे का? वकिलांना मान्य होतं. नाही म्हणून करतो काय?

लाल दिवा लागायच्या आत ओक्सबाई पुढे झुकल्या. “मिसेस ड्वोराचेक आज इथं आहेत?”

कोरिन अर्धवट उठली.

“मीही आई आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच ओला झाला होता. “तुमच्यासारख्या आया आहेत म्हणून हा देश उभा आहे.”

कोरिनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं टोबायसकडे बघितलं, तर तो पांढराफटक.

बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, “किती छान बोलल्या ना!”

“गेली केस,” टोबायस म्हणाला.

“का? त्या तर रडल्या जवळजवळ!”

“म्हणूनच. या मजल्यावर जो आपल्याला फाडून खातो तो एखाद वेळी आपल्या बाजूनं लिहून जातो. जो डोळे पुसतो, तो कधीच नाही. मायाच दिली की निकाल द्यायचं काही बंधन उरत नाही.”

*

अपील कोर्टाला घाई नसते. निकाल कधी द्यायचा याची त्याला तारीख नसते. रोज सकाळी दहाला कोर्टाच्या वेबसाइटवर त्या दिवसाचे निकाल लागतात, आपला असला तर असला. कोरिनला व्यसनच जडलं. बस शाळेत पोचवून परत आली की रेनला मांडीवर घेऊन ती दुसऱ्यांचे निकाल वाचायची. एकाचा मुद्दा बरोबर होता पण त्यानं तो तळटीपेत मांडला होता, सबब मुद्दा मांडलाच नाही असं समजण्यात आलं. आणि हे कोर्टानं सांगितलं होतं तळटीपेतच. तुरुंगातल्या एकाची तक्रार जेवणात सापडलेल्या काचेची होती. त्यानं ती तुरुंगाच्या खिडकीवर न देता शेजारच्या खिडकीवर दिली होती. काच खरी होती. खिडकी खोटी ठरली.

“अगं, भविष्य वाचतेस की निकाल?” तिचा नवरा डेल विचारायचा. तो गावच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याच्या हिशेबी मका सोडून कशाचंच भविष्य सांगता येत नसे.

एका सकाळी दोन निकाल लागले. दोन्ही त्याच तीन न्यायमूर्तींचे.

पहिला एका टर्कीचं मांस विकणाऱ्या कंपनीचा. पाकिटावर लावायच्या चिठ्ठीचा नवा नियम येऊ घातला होता. अजून आला नव्हता. पण आला, आणि गिऱ्हाइकांचा गैरसमज झाला, आणि त्यांनी टर्की घेतली नाही, तर काय, या विचारानं कंपनी धास्तावली होती. कोर्टानं पन्नासेक पानं खर्चून सांगितलं की पुढे होऊ शकणाऱ्या नुकसानीची रास्त धास्ती ही आजचीच इजा आहे. कंपनीला दिलासा मिळाला.

दुसरा कोरिनचा. आटोपशीर होता.

‘आई रोज गाडीतून बसमागे येते,’ ओक्सबाईंनी लिहिलं होतं. ‘औषध तिच्याजवळ असते. मागील काचेवर पंजा टेकवण्याची पद्धत साधी, परिणामकारक आणि हृद्य आहे. मुलाच्या सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था अशा प्रकारे अस्तित्वात असून आईची गाडी हा त्या व्यवस्थेचा एक घटक आहे. सबब मुलास कोणतीही इजा झालेली नाही. आईने येणे थांबवल्यास काय होईल, ही निव्वळ कल्पना होय. कल्पनांवर हे न्यायालय निकाल देत नाही.’

आणि मग चार पानं घोड्यावर. बसमध्ये घोडा घ्यावा की नाही, हा प्रश्न कोर्टानं शेवटी खुला ठेवला होता.

कोरिननं दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. म्हणजे कंपनीची धास्ती ही इजा आणि आईची धास्ती हा स्वभाव.

तिनं टोबायसला फोन लावला. “वर ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असं छापलंय. पण हे तर सगळ्या जगाला दिसतंय.”

“दिसतं सगळ्यांना. त्याचा अर्थ एवढाच, की पुढच्या केसेसना हा निकाल बांधील नाही. तुमच्यापुरता आहे.”

“इतका वाईट आहे की त्यांचं त्यांनाच नाव लावायला नको वाटलं?”

“मी वकील आहे, मला असं बोलता येत नाही.”

“मी नाहीये वकील. बरं, मी उद्या गेले नाही बसमागे तर?”

टोबायस बिया चघळत असल्याचा आवाज आला. “गेला नाहीत, आणि काही झालं नाही, तर इजा नाही. गेला नाहीत आणि काही झालं... तर मग इजा. मग आपण परत कोर्टात जाऊ शकतो.”

“म्हणजे केस उभी राहायला आधी एमेट आडवा पडायला हवा.”

पलीकडे बियांचं नवं पाकीट फाटल्याचा आवाज आला. वकिलांना पैसे मिळोत न मिळोत, काही वाक्यांना उत्तर देण्याचं शिक्षण त्यांना मिळत नाही.

दुपारी शाळा खात्याचे मुख्य अधिकारी केसलर यांचा फोन. आवाजात साखर. “मिसेस ड्वोराचेक, मी तर म्हणतो यात कुणीच हरलं नाही. पण एक बारीकसं. शुक्रवारी फाट्याजवळ तुमची गाडी बरीच मागे पडली होती म्हणे.”

“रेननं ओकारी काढली होती.”

“हो हो, लेकरू म्हटल्यावर व्हायचंच. पण आता तुम्ही व्यवस्थेचा भाग आहात ना, त्यामुळे अंतर नीट ठेवलं तर बरं. आणि आजारी असाल तर आदल्या दिवशी ऑफिसला कळवत चला. आम्हाला नोंद करायला बरं पडतं.”

कोरिननं फोन ठेवला, तो न आपटता. आपटला असता तर रेन उठली असती.

रात्री जेवताना डेल बोलला. बटाट्याच्या भाजलेल्या थरातून काटा फिरवत म्हणाला, “गंमत बघ. तू मागे गेली नसतीस तर जिंकलो असतो. तू काळजी घेतलीस, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.”

“घोड्याचं नाव काढू नकोस,” कोरिन म्हणाली.

एमेट ताटातले वाटाणे एका बाजूला सारत होता. एरवी त्याचं गप्प बसणं तिच्या नजरेतून सुटलं नसतं. त्या रात्री सुटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या थांब्याला पंजा दिसला. दुसऱ्याला दिसला. तिसऱ्याला बस थांबली, लाल दिवे लागले, जुळ्या मुली चढल्या, आणि काच रिकामी.

कोरिननं हॉर्न वाजवला. काच रिकामीच.

ती गाडीतून उतरली, पुन्हा आत वाकली, रेनचा पट्टा सोडवू लागली. एरवी डोळे मिटून सुटणारा तो खटका त्या वेळी काही केल्या सुटेना. सुटला. रेन एका काखेत, कुपी मुठीत, खडीवरून ती धावली. पुढचं दार बंद होत होतं, त्यावर तिनं थापा मारल्या.

व्हर्ला स्टूरनं दार उघडलं. तीस वर्षं ही बस हाकणारी, च्युइंगगम चघळणारी बाई. “अगं पोरी, काय झालं काय?”

“एमेट!” कोरिन पोरांच्या दप्तरांना अडखळत मागे गेली.

एमेट शेवटच्या बाकावर बसला होता. धडधाकट. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

तिनं त्याचे डोळे बघितले, ओठ बघितले, हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवलं. मग ती समोरच्या बाकाला टेकली. “हात का नाही दाखवलास?”

“ओळखतात सगळे तो हात आता,” पुढच्या बाकावरचा एक पोरगा खिदळला. “हृद्य पंजा! माझ्या बाबांनी वाचून दाखवलं.”

“तू गप रे,” कोरिन म्हणाली. “एमेट, चिडवतात म्हणून?”

एमेटनं नाही अशी मान हलवली. मग अगदी हळू, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी म्हणाला, “तू मागे असतेस म्हणून आपण हरलो ना? मी हात नाही दाखवला तर ती व्यवस्था मोडेल. मग जिंकू आपण. फिट आली असती तरी मी दाखवणार नव्हतो.”

फिट आल्यावर पोराला हात दाखवता येतच नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. तीन न्यायमूर्ती आणि एक शब्दकोश मिळून जे सांगत होते, ते तिसरीतल्या पोराला एका जेवणात बरोबर कळलं होतं. जिंकायचं असेल तर आधी दुखवून घ्या. त्यानं फक्त कुणी दुखवून घ्यायचं ते ठरवलं होतं.

ती सरळ चालत पुढे आली आणि रेनला मांडीवर घेऊन व्हर्लाच्या मागच्या बाकावर बसली.

“अगं, उतर आता,” व्हर्ला म्हणाली. “उशीर होतोय.”

“चल ना. मी बसलेय.”

“बाहेरचं माणूस बसमध्ये चालत नाही. नियम आहे.”

“मी बाहेरची नाहीये, व्हर्ला. मी घटक आहे. वरच्या कोर्टानं लिहून दिलंय.”

व्हर्लानं गम गालात सारला. “मीही वाचलंय ते. तू नव्हेस, तुझी गाडी घटक आहे.”

“मग गाडी आत घे.”

व्हर्लानं आरशातून तिच्याकडे बघितलं. मग मागच्या रस्त्याकडे बघितलं. कडेला निळी गाडी दार उघडं टाकून, दिवे उघडमीट करत उभी होती. “घोड्याचं काय ठरलं गं शेवटी?”

“खुला ठेवलाय प्रश्न.”

“घोडा चढू शकतो म्हणजे?”

“चढू शकत नाही असं कुठं म्हटलेलं नाही.”

“मग बस बाई. घोड्यापेक्षा तू जागा कमी खातेस.” तिनं रेडिओचं बटण दाबलं. “ऑफिस, सातव्या रस्त्यावरची बस. एक घटक मागे चालत होता, तो आता पुढे घेतलाय. कळावे.”

रेडिओ खरखरला. मग केसलरांचा आवाज, साखर नसलेला. “व्हर्ला, काय बोलतेयस? कोण आहे बसमध्ये? उतरव त्यांना! उद्या सगळ्या आया चढून बसल्या तर? खात्याला अशी भीती आहे की...”

कोरिन पुढे वाकली. “भीती आहे? मग कोर्टात जा, मिस्टर केसलर. तुमची भीती तिथं चालेल. टर्कीवाल्यांची चालली.”

व्हर्लानं बटण सोडलं आणि रेडिओचा आवाज बारीक केला. ‘थांबा’ पाटीचा हात आत गेला, लाल दिवे विझले. मागून एमेटचा आवाज आला, “आई! माझ्या शेजारी नाही हं बसायचं!”

“नाही बसत!”

“आणि रोज नाही!”

उद्या केसलर दारात उभे असतील, परवा नोटीस येईल, आणि कदाचित पुन्हा तोच मजला, तोच शब्दकोश. तिनं कुपी मुठीतून काढून कोटाच्या खिशात ठेवली. तळहातावर झाकणाचा गोल उमटला होता. रेन खिडकीला नाक लावून मका बघत होती.

व्हर्लाच्या मोठ्या आरशात पूर्ण बस दिसत होती, शेवटच्या बाकापर्यंत. एवढी वर्षं कोरिनला पोराची फक्त टोपी आणि तळहात दिसला होता. आता तो शेजारच्या पोराला सँडविचचा अर्धा भाग देत होता आणि बदल्यात काहीतरी लाल, चिकट, घरी बंदी असलेलं घेत होता.

चौथ्या थांब्याला बस थांबली. एमेटनं न बघता, सवयीनं, हात मागे नेला आणि काचेवर पंजा टेकवला. मग मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.